प्रवेश पहिला, पुन्हा पहिला

"पाव्हणं, पासवर्ड चुकलाय असं म्हणत न्हाई. आत घेतंय, घडीभर काळोख करतंय आणि परत दारात आणून उभं करतंय बघा."

अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे आमचे सांगलीचे सासरे. मी साताऱ्यात राजवाड्यापुढच्या चौपाटीवर भेळेची बशी घेऊन उभा होतो. भेळ खाता खाता निदान करावं इतका या विद्येत आपला हात बसलाय, अशी माझी समजूत. घास गिळायच्या आत म्हणालो, "अण्णा, कॅप्स लॉक लागलं असणार."

"न्हाई लागलेलं."

"मग सावकाश टाइप करा. एकेक अक्षर."

पेशंट दारातून आत यायच्या आधीच एखादा डॉक्टर ‘गॅसेस’ म्हणून मोकळा होतो, त्यातला हा प्रकार. अण्णा "बरं" म्हणाले. फोन ठेवता ठेवता आणखी काहीतरी पुटपुटले. मला ‘जागा’ एवढाच शब्द ऐकू आला. "तिकडं लक्ष देऊ नका," असं सांगून मी शेवपुरी मागवली.

तसा मी लिनक्सवाला आहे. हे वाक्य मी कुठल्याही गप्पांमध्ये तिसऱ्या मिनिटाला आणू शकतो. विषय कासच्या फुलांचा असो, नाहीतर कुणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा. एके काळी उबुंटू नावाचं लिनक्स बनवणारे मागेल त्याला टपालानं फुकट सीडी पाठवत. २०११ साली त्यांनी ते बंद केलं, पण त्याआधी माझं पाकीट आलं होतं. पोस्टमननं परदेशी तिकिटाकडे बघून "मुलगा तिकडं असतो का?" असं विचारलं. माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. तरी मी गूढ हसलो. ती सीडी अजून आमच्या शोकेसमध्ये आहे, भावाच्या कबड्डीच्या ढालीशेजारी. फरक इतकाच, की ढाल त्यानं खेळून मिळवली आहे.

ज्यानं हे सगळं सुरू केलं तो लिनस टोरवाल्ड्स १९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीत शिकणारा २१ वर्षांचा पोरगा होता. जगाला ही बातमी देताना त्यानं सांगितलं काय, तर छंद म्हणून करतोय, फार मोठं काही नाही. मोठं सगळं आम्ही केलं. ज्यांनी त्यात एक ओळसुद्धा लिहिलेली नाही, अशा आम्ही.

अण्णांचा संगणक माझ्या अमलाखाली आला तो २०२०च्या संक्रांतीला. १४ जानेवारीला विंडोज ७ची अपडेटं बंद झाली आणि मी तिळगुळाबरोबर पेनड्राइव्ह घेऊन सांगलीत हजर झालो. जुनी डिस्क काढून १२० जीबीची नवी एसएसडी बसवली, तीही दुकानातली सगळ्यात स्वस्त. तिच्यावर लिनक्स मिंट चढवलं. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. पुढं २०२१च्या जुलैत आली ती ‘उमा’, आणि सासूबाईंनी मनापासून स्वीकारली ती तेवढी एकच. अपडेट आपोआप व्हावं अशी सोय केली. काही बिघडलं तर संगणक कालच्या स्थितीत परत नेता यावा, म्हणून टाइमशिफ्ट नावाची आणखी एक सोय केली. शेवटी अण्णांना साध्या वापराचं खातं दिलं आणि प्रशासकाचा पासवर्ड स्वतःकडे ठेवला. घर अण्णांचं, टेबल अण्णांचं, विजेचं बिल अण्णांचं आणि किल्ली सातारच्या जावयाच्या खिशात.

पुढचे चार दिवस रोज फोन येत राहिला. मी रोज नवं काहीतरी विचारलं. नमलॉक? कीबोर्डची तार? भाषा मराठीवर तर गेली नाही? पासवर्ड नक्की आठवतोय ना? हा शेवटचा प्रश्न विचारताना आवाजात मी जी सहानुभूती घातली होती, ती आठवली की आजही मला खाली बघावंसं वाटतं. पाचव्या दिवशी अण्णा म्हणाले, "माझंच कायतरी चुकत असंल. वय झालं आता."

बायको ऐकत होती. तिनं फोन ठेवू दिला आणि म्हणाली, "उद्या आपण सांगलीला जातोय."

पेठ नाक्याला गाडी वळली तशी मी मनातल्या मनात पोषाख चढवायला सुरुवात केली. आधी कंदी पेढ्यांचा पुडा अण्णांच्या हातात द्यायचा, मग शांतपणे चष्मा पुसायचा, मग फक्त चार कळा दाबायच्या आणि चहा गार व्हायच्या आत उठायचं. आष्टा येईपर्यंत टाळ्याही पडून गेल्या होत्या.

गावभागातल्या घरी पोचलो तर दारात मेहुण्यांचा मुलगा. हा वालचंद कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिथं मुलांचा लिनक्सचा एक गट आहे, वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप, आणि हा त्याचा सभासद. हे मला माहीत होतं आणि म्हणूनच चार दिवसांत मी त्याला एकही फोन केला नव्हता.

"मामा, मी बघू का? प्रशासकाचा पासवर्ड नव्हता म्हणून हात लावला नाही."

"राहू दे रे," मी म्हणालो. "हे जरा खोलातलं आहे."

संगणकापुढं बसलो. अण्णांनी माझ्यासमोर पासवर्ड घातला. कॅप्स लॉक नव्हतं. एकेक अक्षर त्यांनी असं ठेवलं, जसं कुणी तराजूत सोनं ठेवावं. एंटर. काळोख. आणि पुन्हा तीच निळी चौकट, तेच अण्णांचं नाव, तोच रिकामा रकाना. पुन्हा एंटर, पुन्हा काळोख, पुन्हा चौकट. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, त्या नाट्यपंढरीत हा एकच प्रवेश पुन्हा पुन्हा चालू होता. पहिला प्रवेश, अंधार, पहिला प्रवेश. सीता जागेवर, धनुष्य जागेवर, नाटक पुढं सरकत नाही आणि कुणी तिकिटाचे पैसेही परत देत नाही.

यातली गोम अशी की पासवर्ड तपासणारा वेगळा आणि आत संसार मांडून देणारा वेगळा. दारावरचा माणूस पासवर्ड बघतो, खूश होतो, "या" म्हणतो. मग आतल्यानं तुमच्या घरच्या फोल्डरात ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ नावाची एक चिठ्ठी खरडायची असते, की हा माणूस आपलाच, याला पडदा वापरू द्या. ती चिठ्ठी लिहिता आली नाही तर संसार मांडण्याआधीच मोडतो आणि तुम्ही पुन्हा दारात. दारावरच्याला आत काय झालं याचा पत्ता नसतो. तो पुन्हा तितक्याच अदबीनं विचारतो, "आपला पासवर्ड?"

हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी चष्मा पुसला आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं.

आता इथं मला जरा थांबू द्या, कारण हे माझं सगळ्यात आवडतं दालन आहे. त्या तीन कळा दाबल्या की चित्रं, रंग, बाण, चौकटी सगळं नाहीसं होतं आणि काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उरते. मिंटमध्ये पडद्यामागं अशा सहा खोल्या असतात आणि दर्शनी दालन सातवं. दर्शनी दालनाला आग लागली तरी मागच्या खोल्यांत कारभार चालू असतो. मी याला प्रतिसरकार म्हणतो. १९४३ ते ४६ या काळात साहेबाचं सरकार कचेऱ्यांतून होतंच. शिक्के होते, पट्टेवाले होते, टेबलावर घंटी होती. पण त्याच्या पाठीमागं, त्याच गावांतून, क्रांतिसिंह नाना पाटलांचं सरकार चालत होतं. तंटे तिथं मिटत, सावकाराला तिथं घाम फुटे, लग्नंसुद्धा बिनखर्चात लागत. दर्शनी सरकार ‘आपला अर्ज?’ विचारत बसलेलं आणि खरं काम मागच्या खोलीत. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ म्हणजे दुसरं काय आहे? आणि हे कुठं घडलं, तर साताऱ्यात! हा मुद्दा मी दर वेळी जरा मोठ्यानं मांडतो, विशेषतः सांगलीत.

"नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यात," अण्णा पाठीमागून म्हणाले. "सांगली जिल्हा."

"आज, अण्णा! तेव्हा वाळवा साताऱ्यात होता. तुमचा जिल्हा झाला १९४९ साली आणि त्याचं नावसुद्धा दक्षिण सातारा होतं. १९६०पर्यंत. म्हणजे खातं आमचंच, फक्त युजरनेम बदललेलं."

हा विनोद मी लग्नाच्या आधीपासून जपून वापरत आलो आहे. अण्णांनी तो नेहमीसारखा चष्म्यावरून बघितला.

"सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. ते तुमच्या जिल्ह्यात कधी नव्हतंच, तर तुमचं होईल कसं? आणि प्रतिसरकारचं कुंडल म्हणाल, तर तेबी साताऱ्यात नव्हतं. औंध संस्थानात होतं."

"आणि औंध आज कोणत्या जिल्ह्यात आहे?"

अण्णा थांबले. "साताऱ्यात," म्हणाले.

त्या एका गुणावर मी पुढचे दोन तास काढले, आणि ते काढावे लागले. कारण प्रतिसरकारात शिरलो खरा, पण निकाल लागेना. चिठ्ठीची मालकी तपासली. चुकून ती मुख्य प्रशासकाच्या नावावर गेली की हाच आजार होतो. पण मालकी अण्णांचीच होती. चिठ्ठी बाजूला सारून बघितली. जुन्या कर्नलवरून, म्हणजे लिनक्सच्या जुन्या गाभ्यावरून, संगणक उठवला, कारण अपडेटनंतर हा त्रास सुरू झाला म्हणजे दोष नव्या सुनेचा, हे आपल्याकडे ठरलेलं. जुनं कर्नलही त्याच दारात येऊन उभं राहिलं. शेवटी मी हुकमाचा पत्ता काढला. प्रत्येकाच्या घरच्या फोल्डरात एक चुकांची वही असते. आत शिरताना जे जे बिनसलं ते त्यात उतरवलेलं असतं. मी ती उघडली.

वही कोरी होती. शून्य बाइट.

"बघा," मी खुर्ची मागं सरकवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "एकही चूक नाही. म्हणजे प्रश्न हार्डवेअरचा आहे. मदरबोर्ड."

भाचा काहीतरी बोलणार होता. मी हात वर केला. सासूबाई चहाचा तिसरा कप ठेवून म्हणाल्या, "भडंग देऊ का जरा? उपाशीपोटी सुचायचं न्हाई."

एवढ्यात कॉटवर बसलेली बायको म्हणाली, "अण्णा, हे काय लिहिलंय तुम्ही?"

अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ३१ वर्षं दिवाणजी होते. निवृत्त झाले तरी रोजमेळ लिहायची सवय सुटलेली नाही. लाल बासनाची लांबडी वही, डावीकडं जमा, उजवीकडं नावे. दुधाचे पैसे, नळाला पाणी किती वाजता आलं, पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट आहे, सगळं त्यात. बायकोनं वाचायला सुरुवात केली.

‘सोमवार. संगणकावर पाटी: लो डिस्क स्पेस. जावयांस फोन. ती नेहमीच येते, काट मारा म्हणाले. काट मारली.’

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

‘मंगळवार. पाटी पुन्हा. जागा करावी म्हणून नाटकातील पदे ४० पुसली. कचराही रिकामा केला. जागा तेवढीच. रात्री अपडेट आपोआप झाले.’

‘बुधवार. पासवर्ड ११ वेळा. परत दार. जावयांस जागेचे सांगितले. लक्ष देऊ नका म्हणाले.’

‘गुरुवार. पासवर्ड २३ वेळा. परत दार. माझेच चुकत असावे.’

बायकोनं पुढचं वाचलं नाही. पान तसंच उघडं ठेवून तिनं वही माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

ती चाळीस पदं साधी नव्हती. अण्णांनी जुन्या कॅसेटींवरून, शेजारच्या मुलाकडून तार-बीर मागून आणून, एकेक करून संगणकात उतरवलेली होती. कॅसेटी २०१९च्या पुरात गेल्या. गावभागात पाणी किती चढलं होतं ते त्याच वहीत कुठंतरी फुटांमध्ये लिहिलेलं असेल. आणि हा माणूस, ज्यानं पुरातून ती पदं वाचवली, तो माझ्या संगणकात जागा व्हावी म्हणून स्वतःच्या हातानं ती पुसत बसला होता. वर त्याला वाटत होतं की चूक आपलीच.

मला राग आला. आधी यंत्राचा आला, कारण तो सोपा असतो. पंच्याहत्तरीच्या माणसाला तू चौतीस वेळा दारातून परत पाठवतोस, त्याचा पासवर्ड चौतीसही वेळा बरोबर असतो आणि तुला एकदाही म्हणवत नाही की बाबा, तुझं काही चुकलं नाही, माझंच पोट गच्च झालंय? सगळं जग आता अशा दारांनी भरलंय. बँकेचं दार, पेन्शनचं दार, गॅसच्या नंबराचं दार. आपण बरोबर असूनही परत पाठवणारी आणि का ते न सांगणारी. म्हातारी माणसं त्यापुढं उभी राहून पुटपुटतात, माझंच चुकत असेल. पण हा राग मला पुरता करता येईना. यंत्रानं निदान पाटी तरी लावली होती. काट मारायला सांगणारा मी.

"पेव भरलं असंल," अण्णा एकदम म्हणाले.

"काय?"

"हरिपूरला हळदीची पेवं होती न्हवं का जमिनीत. पेव उघडलं की माणूस लगेच उतरत न्हाई. आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर समजायचं, आत श्वासाला जागा न्हाई. उतरलेला माणूस वर ओढून घ्यायचा. तसंच दिसतंय. आत जातंय आणि वर येतंय."

भाचा आता थांबला नाही. "मामा, डीएफ केलं का?"

डीएफ. दोन अक्षरं. डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा. लिनक्सच्या पहिल्या दिवशी शिकवतात. मी केलं नव्हतं. मी इतका खोलात होतो की कंदील सोडायचं राहून गेलं. आता टाइप केलं. १०० टक्के. म्हणून चिठ्ठी लिहिली जात नव्हती. आणि म्हणूनच चुकांची वही कोरी होती. चुका झाल्या नव्हत्या असं नाही, त्या लिहायला जागाच नव्हती. संगणकाची वही कोरी आणि दिवाणजींची भरलेली, आणि मी दोन तास कोरीच वाचत बसलो होतो.

मग डिस्क खाल्ली कुणी? भाच्यानं आणखी एक आज्ञा सांगितली आणि उत्तर पडद्यावर आलं: टाइमशिफ्ट. मी केलेली ती सोय. संगणक कालच्या स्थितीत परत नेता यावा म्हणून ती यंत्रणेचे जणू फोटो काढून ठेवते. दोन-चार पुरतात. मी ऐटीत रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे, अगदी तासातासाचे फोटो काढायला सांगितले होते, वर अण्णांचं घरचं फोल्डरही त्यात घातलं होतं. मिंटवाले ते घालू नका असंच सुचवतात, पण मला जास्त कळत होतं. त्यामुळे अण्णांनी पदं पुसली तरी जागा सुटत नव्हती. प्रत्येक फोटोत ती जागच्या जागी होती.

हे वाक्य मनात पुरं झालं आणि मी ताडकन उठलो. "अण्णा, फोटोत ती जागच्या जागी आहेत!"

रविवारचा फोटो उघडला. त्यात चाळीस पदं, अण्णांनी दिलेल्या नावांसकट. आधी ती पेनड्राइव्हवर घेतली. मोजली. अण्णांनीही मोजली. मग बाकीचे फोटो एकेक करून काढून टाकले आणि पेव मोकळं केलं. माझ्या ऐटीनं जे गिळलं होतं ते माझ्या ऐटीनंच सांभाळूनही ठेवलं होतं, असं मी म्हणणार होतो. बायकोकडं बघून म्हणालो नाही.

"आता घाला पासवर्ड, अण्णा."

अण्णांनी घातला. काळोख झाला. आम्ही पाच जण श्वास धरून उभे. आणि पडदा वर गेला. मागचं चित्र, कोपऱ्यातलं घड्याळ, कॅलेंडर, सगळं पात्रांसारखं आपापल्या जागी. सासूबाईंनी हात जोडले. अण्णांनी पहिलं काम केलं ते एक पद लावायचं, आणि तान संपेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

मग त्यांनी वही पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "पाव्हणं, ती मोठी किल्ली. प्रशासकाची. ती आता इथं जमा करून टाका. पोरगा घरातच असतो. तुम्हाला साताऱ्याहून हेलपाटा नको."

मागणी रास्त होती. अडचण वेगळी होती. तो पासवर्ड मी २०२०च्या संक्रांतीला, स्वतःच्या नजरेत फार उंचीवर असताना ठेवला होता आणि तो चारचौघांत कधी उच्चारावा लागेल असं मला वाटलं नव्हतं. "मी उद्या मेसेज करतो," म्हणालो.

"आत्ताच सांगा की. लिहून घेतो."

भाचा जवळ आला. बायकोही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत, अगदी हळू म्हणालो, "सातारचावाघ."

अण्णांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. ३१ वर्षं अडतीत काढलेला माणूस. त्यांनी तारीख टाकली, जमेच्या बाजूला शांतपणे लिहायला सुरुवात केली आणि मध्येच पेन थांबवून चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"वाघ मोठ्या अक्षरात का लहान?"

"लहान, अण्णा," मी म्हणालो. "सगळा लहानच."